शनिवारचे अर्ज आणि सोमवारचा प्रश्न

मंडळी, पोस्ट लांबलीय. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

"खासदार दिसत नाहीत." वीस वर्षं या तालुक्यात बातमीदारी करतोय आणि वीस वर्षं हेच वाक्य ऐकतोय. खासदार बदलले, पक्ष बदलले, झेंडे बदलले, वाक्य तेच. आणि दिसत नाहीत म्हणजे कुठं? लग्नात, दहाव्याला, गणपतीच्या आरतीला, क्रिकेटच्या बक्षीस समारंभाला. जो तिथं दिसतो तो 'कामाचा माणूस'. जो तिथं दिसत नाही तो 'दिल्लीला गेला की विसरला'.

पण आपण त्याला निवडून कुठं पाठवलं होतं? दिल्लीलाच ना?

कुणा एकाचं नाव घेत नाही. आजी, माजी, भावी सगळ्यांना लागू आहे. कमेंटमध्ये पक्ष काढू नका.

अधिवेशन चालू असताना खासदाराचा आठवडा कसा असतो ते आधी बघू. लोकसभा अकरा वाजता भरते. पहिला तास प्रश्नोत्तरांचा. एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न असतात. तारांकित म्हणजे मंत्र्यानं उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित म्हणजे लेखी उत्तर. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला वार ठरलेला. प्रश्नाची नोटीस किमान 15 दिवस आधी द्यावी लागते आणि पुढं सोडतीत नंबर लागावा लागतो. बारानंतर शून्य प्रहर. नियम 377 खाली मतदारसंघातला एखादा विषय मांडता येतो, त्याला मंत्रालयाकडून लेखी उत्तर येतं. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं. शिवाय स्थायी समित्या आहेत, एकेका समितीत 31 खासदार, त्यातले 21 लोकसभेचे. तिथं कॅमेरा नसतो, त्यामुळं तिथला फोटो स्टेटसला पडत नाही. पण मंत्रालयाच्या खर्चाची उलटतपासणी खरी तिथंच होते.

शुक्रवारी संध्याकाळी विमान. आपल्या मराठवाड्यातल्या बऱ्याच जणांना हैदराबाद नाहीतर संभाजीनगर गाठून पुढं गाडीनं यावं लागतं. शनिवार-रविवार मतदारसंघ. सहा विधानसभा मतदारसंघांचा एक लोकसभा मतदारसंघ. तिथीचा रविवार असेल तर एका दिवसात पंधरा लग्नं. प्रत्येक मांडवात पाच मिनिटं, दोन अक्षता, एक सेल्फी. पुन्हा सोमवारी सकाळी दिल्ली. हे दगदगीचं काम आहे हे मी मान्य करतो. मला ही नोकरी कुणी दिली तर मी करणार नाही.

आता शनिवार. गेल्या हंगामात रेस्ट हाऊसवर खासदारांचा जनता दरबार होता. बातमी काय करायची हे ठरलेलंच असतं: 'समस्या ऐकून घेतल्या, अधिकाऱ्यांना फैलावर घेतलं.' मी म्हटलं, आज जरा वेगळं करू. कोपऱ्यात खुर्ची टाकली आणि कोण कशासाठी आलंय ते वहीत टिपत गेलो.

एकूण 42 अर्ज. गावातली नाली आणि रस्ता 11. मंदिरापुढं सभामंडप 7. हायमास्ट 5. बदली करा किंवा बदली थांबवा 6. दवाखान्याच्या खर्चाला मदत 4. डीपी जळाला 3. रेल्वेचं वेटिंग तिकीट कन्फर्म करून द्या 2. केंद्रीय विद्यालयात ॲडमिशन 2, खरं तर खासदारांचा तो 10 जागांचा कोटा 2022 मध्येच बंद झाला. बँकेचं पीककर्ज 1. आणि सोयाबीन 1.

सोयाबीनचा अर्ज घेऊन आलेले काका साठीच्या पुढचे. हातात खरेदी केंद्रावरची चिठ्ठी. ओलावा जास्त म्हणून माल परत पाठवलेला. पीएनं चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, "काका, हे मार्केट कमिटीचं आहे, तिकडं जा." काका गेले. पाठोपाठ सभामंडपवाली दहा पोरं शाल घेऊन आत शिरली.

मला झोंबलं ते इथं. त्या 42 अर्जांमध्ये खासदाराच्या अधिकारातला आणि दिल्लीच्या हातातला सगळ्यात मोठा अर्ज तोच होता. आणि तेवढाच बाहेर काढला गेला.

कसं ते सांगतो. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता 4,892 रुपये क्विंटल. हा भाव केंद्र सरकार ठरवतं. त्या दिवाळीच्या आसपास मोंढ्यात भाव 4,000 ते 4,300. हमीभावानं खरेदी करताना ओलाव्याची अट 12 टक्के. ती अटही केंद्राची. आपल्याकडं काढणीला पाऊस असतो, माल 12 मध्ये बसणार कसा? शेवटी नोव्हेंबर 2024 मध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, ती अट 15 टक्क्यांवर नेली. कुणी नेली? दिल्लीनं.

पुढचं बघा. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. ते स्वस्तात आलं की इथलं सोयाबीन पडतं. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ आयात शुल्क लावलं, मे 2025 अखेर ते 10 टक्क्यांवर आणलं. शहरातल्या बाईला तेलाची पिशवी स्वस्त मिळावी हा विचार चुकीचा नाही. पण इथल्या शेतकऱ्याच्या बाजूनं त्यावर कुणी दोन शब्द बोलायचे? ग्रामपंचायत सदस्यानं?

आता हिशोब करू. खासदार निधी वर्षाला 5 कोटी. ऐकायला मोठा वाटतो. मतदारसंघात हजार गावं धरली तर गावाला वर्षाला 50 हजार. त्यातही 15 टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी, आणि ते योग्यच आहे. खासदार फक्त काम सुचवतो, राबवायचं जिल्हा प्रशासनानं. धार्मिक स्थळाच्या आत हा निधी वापरता येत नाही, म्हणून मग 'सामाजिक सभागृह' असं नाव देऊन देवळाशेजारचा प्लॉट शोधायचा. असो.

दुसऱ्या बाजूला सोयाबीन. क्विंटलमागं 700 रुपये कमी मिळाले, असं धरा. 20 क्विंटल पिकवणाऱ्या घराला 14 हजारांचा फटका. गावात अशी शंभर घरं असतील तर 14 लाख. एका हंगामात, एका गावात. आणि आपण खासदाराकडं भांडतोय कशासाठी? 50 हजारांसाठी.

लोकांनाही दोष देऊन चालत नाही. नाली हे झेडपी-नगरपालिकेचं काम. पण 2022 पासून बहुतेक ठिकाणी तिथं प्रशासक बसले, आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. नालीचं सांगायला सदस्यच उरला नाही. मग माणूस जो सापडेल त्याचा हात धरणार. आमच्या धंद्याचंही तसंच आहे. ज्या पेपरांसाठी मी लिहिलं, त्यातल्या एकानं तरी 'खासदारानं या अधिवेशनात काय विचारलं' याची कधी बातमी मागितली का? वाढदिवसाच्या पुरवणीचं टार्गेट मात्र दरवर्षी वेळेवर यायचं.

वाईट याचं वाटतं की संसदेतलं छापायला मिळावं म्हणून एका खासदारानंच कायदा करून घेतलाय. फिरोज गांधी, रायबरेलीचे. 1956 मध्ये त्यांचं खासगी विधेयक मंजूर झालं आणि संसदेत जे बोललं जातं त्याचा खरा वृत्तांत छापणाऱ्याला संरक्षण मिळालं. दुसऱ्याच वर्षी याच फिरोज गांधींनी सत्ताधारी बाकांवर बसून एलआयसी-मुंदडा प्रकरण लावून धरलं आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. स्वतःच्या पक्षाचं सरकार, समोर स्वतःचे सासरे पंतप्रधान. तरी विचारलं. प्रश्नात ताकद असते ती अशी.

"सभागृह चालूच देत नाहीत, आम्ही काय करणार?" हे उत्तर मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. तारांकित प्रश्नाबाबत त्यात तथ्य आहे. पण गोंधळात सभागृह तहकूब झालं तरी लेखी उत्तरं पटलावर येतातच. एका दिवसासाठी एका खासदाराला पाच नोटिसा देता येतात. त्यासाठी घसा ताणायला लागत नाही. आणि मतदारसंघात वेळ मिळत नाही म्हणावं, तर 17 व्या लोकसभेचं कामकाज पाच वर्षांत मिळून 274 दिवस चाललं. म्हणजे वर्षाला जेमतेम 55. लग्नांना उरलेले 310 दिवस आहेत की.

म्हणून एक सुचवतो. आपल्या खासदारानं काय विचारलं, काय उत्तर आलं, हजेरी किती, हे सगळं संसदेच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं. रील बघता त्याच मोबाइलवर. या अधिवेशनापासून दर रविवारी मी आपल्या खासदाराच्या आठवड्याचा हिशोब याच पानावर टाकणार आहे. चांगलं केलं तर चांगलं लिहीन, शून्य असेल तर शून्य लिहीन.

आणि पुढच्या दरबाराला जाणार असाल तर नालीचा अर्ज जरूर न्या, पण सोबत हा एक कागद न्या. मजकूर तयार आहे, कॉपी करा:

"आपल्या जिल्ह्यात हमीभावानं सोयाबीन खरेदीची केंद्रं किती? नोंदणी किती शेतकऱ्यांची झाली? प्रत्यक्ष माप किती जणांचं झालं? ओलाव्याच्या कारणानं किती माल परत गेला? पैसे किती दिवसांत मिळाले? हा प्रश्न कृषी मंत्र्यांना लेखी विचारावा आणि आलेलं उत्तर आम्हाला कळवावं."

उत्तर 'माहिती गोळा केली जात आहे' असं आलं तरी हरकत नाही. संसदेत ते आश्वासन धरलं जातं आणि त्याच्या पाठपुराव्याला वेगळी समिती आहे.

पोच घ्यायला विसरू नका. पीए म्हणाला "हे मार्केट कमिटीचं आहे", तर शांतपणे सांगा, "नाही भाऊ, हे दिल्लीचंच आहे."