धुराचे गिरमिट

आगबोटीत चढण्यापूर्वी पूर्वजांनी ज्या कागदावर अंगठा उठविला, त्यावर निदान मुदत तरी लिहिलेली असे. बहुधा पाच वर्षांची. धुराच्या गिरमिटाला मुदत नसते.

दोह्यात बांधकामावर राबणारा कोकणचा एखादा गृहस्थ पाहावा. पाळी संपते, घरची आठवण दाटते आणि हात आपसूक खिशातील पाकिटाकडे वळतो. फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी त्याने ऐकलेले असते. पण धुराचे विष रक्तात उतरते, हे त्याच्या गावीही नसते. सिगारेटच्या धुरात बेंझीन असते. रक्तपेशी जेथे घडतात त्या अस्थिमज्जेला ते इजा करते. प्रौढांना होणाऱ्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजे एका प्रकारच्या रक्तकर्करोगाचे, धूम्रपान हे एक कारण आहे, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २००४ सालच्या अहवालाने दिला. हा रोग विरळा खरा, आणि धूम्रपान न करणाऱ्यासही तो होतो; परंतु टाळता येण्याजोगे कारण जवळ का बाळगावे?

कतारने २००२ साली तंबाखूवर कायद्याने निर्बंध घातले, २०१६ साली नवा कायदा केला व २०१९ पासून शंभर टक्के अबकारी कर बसविला. हमद मेडिकल कॉर्पोरेशनमध्ये व्यसन सोडविणारे चिकित्सालयही आहे. सोडताना पहिले काही दिवस चिडचीड होते, झोप उडते. पण वर्षे लोटतात तसतसा धोका ओसरत जातो.

पूर्वजांना मुदत भरेपर्यंत थांबावे लागले. हे गिरमिट मात्र ज्याचे त्याला आजच फाडता येते.