नदीच्या अलीकडचं माहेर

पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो. पलीकडच्या पाड्यावर एखादीला कळा सुरू झाल्या, तर खाट हीच रुग्णवाहिका. रक्तदाब चढलेला, अंगात रक्त कमी, बाळ आडवं. अशा बाईला दवाखान्याजवळ आधीच आणून ठेवणं शहाणपणाचं.

म्हणून महाराष्ट्राच्या आदिवासी भागात आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघरं’ उभी राहिली. तारखेच्या काही दिवस आधी तिने यावं, सोबत नातलग आणि धाकटं मूल. राहणं-जेवण फुकट. नाव फार नेमकं, यात शंका नाही. पण जिच्या घरी रोवणी खोळंबली आहे आणि शेळ्यांमागे जायला कुणी नाही, ती नावाला भुलत नाही. जेवण तिच्या चवीचं आहे का, सासूला शेजारी झोपता येईल का, यावर तिचं पाऊल ठरतं.

कल्पना नवी नाही; क्यूबाने अशी घरं १९६२ पासून उभारली.

दवाखान्याजवळ मुक्कामाची गरज फक्त गर्भवतीपुरती नाही. फिलाडेल्फियात १९७४ मध्ये पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस निघालं ते आजारी मुलांच्या आईबापांसाठी. पुढे अशा घरांपैकी काहींनी जोखमीच्या गर्भारपणात दूरवरून आलेल्या कुटुंबांनाही दार उघडलं.

गाडगेबाबांना ही गरज त्याआधीच दिसली होती. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधली. आजही मोठ्या इस्पितळांच्या जिन्याखाली गावाकडचा नवरा चादर पसरतो. वर बायको, काचेआड बाळ, आणि याच्या पिशवीत संपत आलेल्या भाकरी.