मरोळची मिठी नदी

अंधेरी म्हटली म्हणजे आगगाडीची गर्दी व वाहनांचा कोलाहल हींच वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु तिच्या पूर्वेकडील मरोळ या वस्तीस एक नदी लाभली आहे, ही गोष्ट तेथील रहिवाशांच्याही स्मरणांत क्वचितच असते. ती मिठी नदी होय. विहार व पवई या तलावांचें सांडलेलें पाणी घेऊन, मरोळ, साकीनाका, कुर्ला असे वळसे घेत, सुमारें १८ किलोमीटर अंतर कापून ती माहीमच्या खाडीस मिळते.

येथील वस्ती अर्वाचीन नव्हे. जवळच कोंडिवटें येथें महाकालीचीं बौद्ध लेणीं आहेत. त्यांतील चैत्यगृहांत वर्तुळाकार गाभारा असून त्याच्या भिंतीस दगडी जाळ्या कोरल्या आहेत. त्याच कोंडिवट्यास १५७९ सालीं ख्रिस्ती मंदिर झालें. पुढें १८४० च्या सुमारास सांथीमुळें तें सोडून लोक मरोळास आले. त्याचे अवशेष आज सीप्झच्या आवारांत आहेत.

गेल्या श्रावणांत आम्ही नातवास घेऊन मिठीच्या पुलावर उभे होतों. "आजोबा, हा नाला कोठें जातो?" असें त्यानें विचारलें. "बाळ, ही नदी आहे," असें आम्हीं सांगितलें. पण त्यास तें पटेना. त्याचें तरी काय चुकलें? नद् म्हणजे नाद करणें, या धातूपासून नदी हा शब्द साधतो. येथें नाद कोठला? दोहों बाजूंस भिंती व मध्यें काळें पाणी!

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मात्र हिनें आपला नाद सर्वांस ऐकविला. भराव घालून व कचरा लोटून आपणच तिची वाट अडविली होती. त्यानंतर पात्र रुंद व खोल करण्यांत आलें, भिंतीही बांधल्या गेल्या. पुरासाठीं हें अवश्यच होतें. परंतु त्यायोगें माणूस तीरापासून अधिकच दुरावला.

तीरावर सावलीची पायवाट व वृद्धांस बसावयास ओटे असावेत, असें आम्हांस मनापासून वाटतें. मात्र आधीं सांडपाणी थांबलें पाहिजे. दुर्गंधीच्या कांठीं बाग शोभत नाहीं. तें काम सरकारचें खरें, पण गृहस्थांच्या हातीं एक गोष्ट आहे: मुलांस पुलावर नेऊन तिचें खरें नांव सांगावें. नाला म्हटल्यावर कचरा टाकतांना हात अडत नाहीं. नदी म्हटल्यावर कदाचित् अडेल.