बाबांची मोटर

तर झालं असं, की गावी आई-बाबा दोघंच. पाण्याची मोटर अंगणात, बाबांचा गुडघा दुखतो आणि मी पुण्यात. मग एका वीकेंडला रास्पबेरी पाय (नावातच पाय!) घेऊन गेलो. मोटरला रिले आणि कॉन्टॅक्टर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतले, पायवर पायथनची छोटी स्क्रिप्ट टाकली आणि टेलिग्रामचा बॉट केला. राउटरवर पोर्ट उघडायची भानगड नाही. पायच सर्व्हरला विचारत राहतो, "काही निरोप?" बाबांनी 'चालू' लिहिलं की मोटर सुरू. बॉट कुणालाही सापडू शकतो, म्हणून घरातले तीन चॅट आयडी सोडून बाकी सगळे बाद. मी खूश!

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी गावात लाइट गेली. बाबांनी 'चालू' तीनदा पाठवलं, कंटाळले, जेवून झोपले. रात्री दोनला लाइट आली आणि मोटर आपली आपण सुरू! न उचललेले निरोप सर्व्हर 24 तास सांभाळून ठेवतो, हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय. मी वाचलं होतं हो, पण... असो. टाकी वाहायला लागली, आणि बाबा टॉर्च घेऊन ओल्या पायऱ्यांवरून अंधारात खाली उतरले. म्हणजे नेमकं जे टाळायला हा सगळा उद्योग केला होता, तेच.

आता प्रत्येक निरोपाची वेळ तपासतो. मिनिटापेक्षा जुना असेल तर बॉट म्हणतो, "शिळा निरोप, परत पाठवा." शिवाय वीस मिनिटांनी मोटर बंद. तो टायमर पायवरच, नेट असो वा नसो.

बाबा अजून 'चालू' पाठवतात आणि मग गॅलरीतून वाकून बघतात.