पाणी काढून टाकलं

परवा भाचीचा फोन आला. (कोणती ते घरच्यांना कळेलच!) तिला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एचआयव्हीचं प्रोटिएज मिळालंय. "मामा, तुझ्या काळी तू हेच करायचास ना?" म्हणे. तुझ्या काळी! असो.

रात्री दोघंही आपापल्या कॉम्प्युटरवर पायमॉल उघडून बसलो. रचना होती १एचएसजी, १९९४ सालची. ९९ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, मधल्या पोकळीत इंडिनावीर हे औषध आणि आजूबाजूला पाण्याचे १२७ रेणू.

मी मामाच्या थाटात समजावलं. फाइलमध्ये प्रत्येक अणूची एक ओळ असते. प्रथिनाच्या नेहमीच्या अमिनो आम्लांचे अणू 'ॲटम', बाकीचे 'हेटॲटम'. पायमॉल त्यावर आपली चाळणी लावतं. साखळीत नाही पण कार्बन आहे, तर 'ऑरगॅनिक'. धातूंचे आयन वगैरे 'इनऑरगॅनिक'. पाणी म्हणजे 'सॉल्व्हंट'. लिगँड, म्हणजे प्रथिनाला येऊन चिकटलेला रेणू हवा असेल तर 'ऑरगॅनिक' निवडायचं. आणि पाणी? ते आधी काढून टाकायचं, उगाच गर्दी.

तिने काढलं. थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "मामा, औषधाचे हे दोन ऑक्सिजन कुणाकडे बघतायत? समोर तर कुणीच नाहीये."

मी पाहिलं आणि गप्पच झालो. तिथे पाणी होतं. फाइलमधला ३०८ क्रमांकाचा रेणू. एका बाजूला औषधाचे ते दोन ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला प्रथिनाच्या दोन्ही झडपांवरचं एकेक आयसोल्यूसिन, आणि मधे चौघांना धरून बसलेलं हे एवढंसं पाणी! १९९४ मध्येच ड्यूपाँट मर्कच्या संशोधकांनी याच पाण्याची जागा घेईल असं चक्राकार युरियाचं औषध रचून दाखवलं होतं. हे मी वाचलेलं होतं हो! तरी हात सवयीने 'रिमूव्ह सॉल्व्हंट'कडे गेला.

सॉफ्टवेअरचा दोष नाही. ते लग्नातल्या दारावरच्या काकांसारखं विचारतं, "कोणाकडचे?" तू कशाचा बनलास एवढंच त्याला कळतं, इथे काय करतोस ते नाही. म्हणून स्फटिक गोठवताना वाचावा म्हणून घातलेलं ग्लिसरॉल औषधाच्याच पंगतीत बसतं, आणि जे नसेल तर हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरताच येणार नाही, ते हीम 'हेटॲटम' म्हणून बाहेरचं ठरतं. चाळणी सोयीसाठी असते. निवाडा आपणच करायचा.

तिला ते सांगितलं आणि एक गोष्ट कबूलही केली. माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मी प्रत्येक रचनेतलं पाणी पहिल्याच पायरीला काढलं होतं, एकदाही न बघता. मार्क चांगले मिळाले. त्यातलं किती बरोबर होतं कोण जाणे.

"मग आता उघडून बघ ना," ती सहज म्हणाली.

सीडी माळ्यावर आहे. रविवारी शिडी लावणार आहे.