वत्सगुल्मांतील एक दुपार

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या आगगाडीनें आम्ही वाशिमास उतरलों. १९९८ पासून हें स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झालें असलें, तरी आम्हां संस्कृतवाल्यांस हें वत्सगुल्मच. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथील हरिषेण राजाच्या वराहदेव नामक सचिवानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. भवानी काळू यांनीं बांधविलेल्या मंदिरांत बालाजीचें दर्शन घेतलें, पद्मतीर्थाच्या कांठीं घटकाभर बसलों. परंतु खरें सांगावयाचें तर आम्ही तीर्थासाठीं आलोंच नव्हतों.

आमचे एक जुने स्नेही, आमच्यासारखेच संस्कृताचे अध्यापक, येथें राहतात. दीड वर्षापूर्वीं पक्षाघातानें त्यांचें उजवें अंग लुळें पडलें व वाणी गेली. आम्हांस पाहतांच त्यांनीं डावा हात पुढें केला, आणि मुखांतून एकच शब्द निघाला, “बरं.” पाणी हवें तरी “बरं”, नको तरी “बरं”. गांवांतील कांहीं मंडळी तर त्यांच्या देखतच “मास्तरांची बुद्धि गेली” असें बोलतात. सूनबाई म्हणाल्या, “मामंजींना सगळं समजतं, सांगतां मात्र येत नाहीं.”

पॅरिसजवळील बिसेत्रच्या रुग्णालयांत लबॉर्न्य नांवाचा असाच एक रोगी होता. त्यास “तां” एवढेंच बोलतां येई. रागावला म्हणजे मात्र एक शिवी अस्खलित निघे! १८६१ सालीं तो वारल्यावर पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यानें त्याचा मेंदू तपासला, तों डाव्या बाजूचा पुढील भाग बिघडलेला आढळला. वाणीच्या स्थानाचा पत्ता असा एका वाणी गेलेल्या माणसानें दिला. ती शिवी कशी निघे? घोकलेले शब्द निराळे व मनोगत सांगण्यासाठीं जुळविलेले शब्द निराळे, हा भेद पुढें ह्युलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्यानें दाखविला.

दुसरी कथा अमेरिकेंतील हेन्री मोलायसन याची. १९५३ मध्यें, वयाच्या २७ व्या वर्षीं, अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आंतील भाग काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण राहीनाशी झाली. ब्रेंडा मिल्नर या विदुषीनें त्याच्याकडून आरशांत पाहून तारा गिरविला. तीन दिवसांत हात सराईत झाला. आपण हें पूर्वीं केल्याचें मात्र त्यास स्मरेना. तर्कसंग्रहांत संस्काराचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन प्रकार सांगितले आहेत, व स्मृति भावनेपासून होते. स्मृतीवांचून हातांत राहिलेला हा संस्कार कोणत्या खणांत ठेवावा, हें आम्हांस अद्यापि उमगलेलें नाहीं.

जॅक्सनचें स्मरण होऊन आम्ही स्नेह्यांजवळ बसलों व “रामः” म्हटलें. क्षणभर ते थांबले. मग “रामौ, रामाः”! थेट सप्तमीपर्यंत एकही चूक नाहीं. दारांत उभ्या सूनबाईंनीं डोळ्यांस पदर लावला. पण ही नुसती घोकंपट्टी, यानें समज सिद्ध होत नाहीं, अशी शंका आली. म्हणून आम्ही मुद्दाम “हरि” शब्दाची तृतीया “हरेण” अशी सांगितली. त्यांनीं आमच्या गुडघ्यावर चापट मारली! “हरिणा” म्हणावें म्हणून ओठ हलले, शब्द येईना. तेव्हां ते मुळापासून निघाले: “हरिः, हरी, हरयः, हरिम्, हरी, हरीन्, हरिणा!” आणि खदखदां हसले.

त्या श्रमानें त्यांस घाम आला.

“मामंजी, पाणी देऊं का?” सूनबाईंनीं विचारलें.

“बरं,” ते म्हणाले.

सूनबाईंनीं पेला आणला. त्यांनीं तो आमच्याकडे सरकविला.