सब्र आणि सुई

अम्मीने धाकट्या भावाला किडनी दिली. पाहुणे यायचे ते घेणाऱ्याची चौकशी करायला. देणारी तर धडधाकट! पण कुशीतला छेद तिलाही सोसायचा होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाई आम्हा भावंडांना भेटल्या. म्हणाल्या, ब्लॉक देऊ. सोनोग्राफीवर पाहत पाठीच्या कण्यालगतच्या लांब स्नायूखाली सुई न्यायची आणि तिथे बधिरतेचे औषध सोडायचे. छेदाची खबर नेणाऱ्या नसा काही तास गप्प होतात. नाव लांबलचक, इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक. त्याची पहिली नोंद 2016 ची.

अम्मी ऐकेना. "इतना तो सह लेंगे." पाच बाळंतपणे घरात काढलेली बाई. शिवाय खालाजानने सांगून ठेवलेले की, दुखणे सोसले की गुनाह झडतात. आमच्याकडे सब्र या शब्दाला फार मान आहे, आणि तो मागितला जातो बहुधा बायकांकडेच. पण आजाऱ्याला रोज्याची सूट देणारा, बसून नमाज पढू देणारा आपला दीन उपाय असताना कण्हायला कशाला सांगेल? आम्ही हे बोललो. ती गप्पच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी सवाबाची गोष्ट काढलीच नाही. कुशीतला छेद श्वासागणिक ओढतो, मग माणूस अर्धाच श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ साचतो, न्यूमोनियाची भीती. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या किडनीला जाचतात आणि अम्मीकडे उरणार एकच. मॉर्फिन जास्त दिले तर मळमळ, गुंगी. ब्लॉक असला की ते कमी लागते. पोटातले खोल दुखणे मात्र त्याने पुरते जात नाही, हेही त्यांनी लपवले नाही. न्यूमोनिया ऐकून अम्मीने मान हलवली.

त्या रात्री ती खोकली, कुशीवर उशी दाबून, पण नीट खोकली. नर्स विचारी, "शून्य ते दहा, किती दुखतंय?" अम्मीचे उत्तर एकच, "अल्लाह का शुक्र है." पोरगी हसून म्हणाली, "शुक्र नको आजी, आकडा सांगा."

ब्लॉक उतरला फजरच्या सुमारास. अम्मीने खाटेची दांडी घट्ट धरली. नर्स आली. अम्मीने आधी आमच्याकडे पाहिले, मग हळूच म्हणाली, "सात."

तिच्या तोंडून दुखण्याचा आकडा आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. नर्सने तो कागदावर लिहिला आणि औषध आणायला गेली.